तार जोडलेलीच नसते: अण्णांचा पार्किन्सन्स

आमचे अण्णा एमएसईबीत लाइनमन होते, ३५ वर्षं. निफाड, दिंडोरी, सिन्नर असं सगळीकडे फिरून शेवटची काही वर्षं नाशिकमधे काढली आणि सिडकोतल्या घरातूनच रिटायर झाले. त्यांच्या हातांबद्दल आधी सांगते कारण ही सगळी गोष्ट हातापासूनच सुरू होते. भर पावसात खांबावर चढून, कमरेला पट्टा, एका हाताने जंपर धरून दुसऱ्या हाताने पिळ देणारा माणूस. आमच्या घरात बाटलीचं झाकण, नळाची चकती, शिलाई मशीनचा अडकलेला दोरा, काहीही असो, 'अण्णांकडे दे' हे एकच उत्तर असायचं.

तर २०२२ ची दिवाळी. आकाशकंदील लावायचा होता, होल्डरला वायर जोडायची, म्हणजे अण्णांसाठी दोन मिनिटांचं काम. मी स्वयंपाकघरातून बघत होते, ते वायरच्या तारा पिळायला बघतायत आणि डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ येतायत पण पिळ बसतच नाहीये. दहा मिनिटं तरी झाली असतील. मग त्यांनी होल्डर ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "राहू दे, उद्या बघू." अण्णा आणि उद्या बघू! मला तेव्हाच काहीतरी लागलं मनाला पण दिवाळीच्या गडबडीत राहून गेलं.

नंतर डावा खांदा दुखायला लागला. एका डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितलं, मग मशीनचा शेक, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम, दोन इंजेक्शनं, असे जवळजवळ आठ महिने गेले. मला आजही त्या आठ महिन्यांचं वाईट वाटतं. खांदा दुखतो हे सगळ्यांनी बघितलं, पण चालताना तो हात हलायचाच बंद झालाय हे कोणीच बघितलं नाही, मी सुद्धा नाही. ते बघितलं मावशीने. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी सगळे चालत होतो, मावशी मागून येत होती, ती म्हणाली, "अगं, भावजींचा उजवा हात झुलतोय आणि डावा नुसता लटकलाय, बघ जरा." आणि मग मला ते दिसलं आणि एकदा दिसल्यावर दिसेनासं होईना. डावा हात कोपरात थोडा वाकलेला, अंगाला चिकटलेला, जसं काही त्या हातात न दिसणारी पिशवी आहे.

मग मुंबई नाक्याजवळच्या एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमची अपॉइंटमेंट घेतली. जुलै २०२३. मी एमआरआय वगैरेची फाइल काखेत घेऊन गेले होते, मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि आधी अण्णांना दारापासून खुर्चीपर्यंत चालायला लावलं. मग, "काका, अंगठा आणि पहिलं बोट असं टकटक आपटा, जेवढं मोठं उघडता येईल तेवढं." उजवा हात व्यवस्थित. डाव्या हाताचं बोट पहिल्या चार-पाच वेळा नीट उघडलं आणि मग अंतर कमी कमी होत गेलं, शेवटी दोन्ही बोटं नुसती एकमेकांजवळ थरथरत होती. मग त्यांनी अण्णांचं मनगट धरून कोपर हळू वाकवलं आणि मला म्हणाल्या, तुम्ही हात लावून बघा. मी हात लावला तर सांध्यात खट खट खट असं, दातेरी चाक फिरवल्यासारखं अडकत अडकत जाणारं काहीतरी. शेवटी हात मांडीवर ठेवून शांत बसायला सांगितलं आणि महिन्यांचे पाढे उलटे म्हणजे डिसेंबर, नोव्हेंबर असे म्हणायला लावले, आणि लक्ष तिकडे गेल्याबरोबर डाव्या हाताचा अंगठा आपोआप तंबाखू मळल्यासारखा हलायला लागला. अण्णांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही.

मॅडमनी कागद घेऊन अण्णांना चार ओळी लिहायला सांगितल्या. पहिल्या ओळीतली अक्षरं बरी होती, चौथ्या ओळीपर्यंत मुंगीएवढी झाली. मग त्या म्हणाल्या, "पार्किन्सन्स आहे." आणि हो, हे निदान मुख्यतः असं बघूनच होतं हे मला तिथे कळलं, एमआरआय काढतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले ज्याने आई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. पहिला, वास येतो का? आईने सांगितलं की चार-पाच वर्षांपासून यांना कोथिंबिरीचा, फोडणीचा वास येत नाही, दूध करपलं तरी कळत नाही, आम्ही म्हणायचो सर्दी असेल. दुसरा, झोपेत हातपाय मारतात का? आई म्हणाली, "अहो मॅडम, ओरडतात. 'सप्लाय बंद कर, माणूस वर आहे' असं ओरडतात आणि लाथ मारतात, दोनदा मला लागलीय." स्वप्न पडताना शरीर एरवी सैल पडलेलं असतं, ते कुलूपच सुटतं, आणि हे हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. इतकी वर्षं आजार घरात होता आणि आम्ही त्याला सर्दी आणि ड्युटीची आठवण समजत होतो.

आता मुख्य गोष्ट. अण्णांनी मॅडमना विचारलं, "म्हणजे मेंदूतली वायर कुठे तुटलीय का?" त्यांच्या परीने सरळ प्रश्न होता, बिघाड म्हणजे कुठेतरी लाइन तुटणार, शोधायची आणि जोडायची. मॅडम म्हणाल्या, "काका, गंमत म्हणजे मेंदूत तार कुठे जोडलेलीच नसते." आणि त्यांनी त्याच कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांच्या खाली, दोन पेशी काढल्या आणि मधे एक फट सोडली. पहिल्या पेशीतून करंट येतो तो त्या फटीच्या काठापर्यंत. तिथे करंट संपतो. काठावर बारीक बारीक पिशव्या असतात, रसायनाने भरलेल्या. करंट पोचला की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या काठाला चिकटून फुटतात आणि रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या काठावर त्या रसायनासाठी बनलेल्या जागा असतात, तिथे ते बसलं की पलीकडची पेशी एकतर जागी होते नाहीतर शांत होते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आणि मग सांडलेलं रसायन तसंच पडू देत नाहीत, एकतर तोडून टाकतात नाहीतर पहिली पेशी पंपाने परत ओढून घेते आणि पुन्हा पिशवीत भरते.

अण्णा कागदाकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे जंपरच नाही." मॅडमना जंपर म्हणजे काय ते कळलं नाही, मी सांगितलं, दोन तारांना जोडणारा तुकडा. त्या म्हणाल्या, "हो, बरोबर, जंपर नाही. तिथे माणूस ठेवलाय, तो हाताने माल पलीकडे देतो. तुमच्या बाबतीत तो माल आहे डोपामीन, आणि तो बनवणारी माणसं कमी झालीत."

ही माणसं म्हणजे मेंदूच्या खालच्या भागात एक काळसर पट्टा असतो, सबस्टँशिया नायग्रा, म्हणजे शब्दशः काळा पदार्थ, तिथल्या पेशी. आपल्या मेंदूत अशा निरोप नेणाऱ्या पेशी सगळ्या मिळून अंदाजे ८६ अब्ज आहेत आणि या डोपामीनवाल्या पेशी त्यात फक्त काही लाख, पण हालचाल सुरू करणं, तिचा वेग, तिचा आकार, म्हणजे हात किती झुलवायचा, अक्षर केवढं काढायचं, हे त्यांच्यावर चालतं. आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या साधारण निम्म्या किंवा जास्तच गेलेल्या असतात. हे ऐकून आई रडायला लागली. अण्णा मात्र त्या कागदाची घडी करून खिशात ठेवत होते.

घरी आल्यावर मी वाचायला घेतलं. मी कॉमर्सची, बँकेत काम करते, पण रोज रात्री तासभर वाचायचे आणि सकाळी चहाला अण्णांना सांगायचे, तोच आमचा त्या दिवसांतला आधार होता खरं तर. ती फट साधारण २० नॅनोमीटरची असते. म्हणजे एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करा, त्यातला एक. अण्णांना हा आकडा इतका आवडला की आलेल्या प्रत्येक पाहुण्याला फुटपट्टी दाखवून सांगायचे.

आणि त्यांना मनापासून बरं वाटलं ते हे ऐकून की तार जोडलेली असते असं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत होतं. इटलीचा गॉल्जी म्हणायचा की मेंदू म्हणजे एकच सलग जाळं आहे, स्पेनचा काहाल म्हणायचा नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे, आणि १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं. बरोबर काहाल होता. पण सुट्या पेशींमधून निरोप जातो कसा यावर पुढे कित्येक वर्षं भांडण, एक बाजू म्हणे ठिणगी उडते, दुसरी म्हणे रसायन जातं. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत पडलं, तेव्हा मात्र तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची हृदयं, दोन्ही धडधडतायत. एकाच्या नसेला करंट दिला, ते मंद झालं. मग त्याच्या भोवतीचं पाणी उचलून दुसऱ्या हृदयावर घातलं, ज्याला करंट दिलाच नव्हता, तर तेही मंद झालं. म्हणजे नसेने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. हे १९२१ साली, आणि त्याचं नोबेल १९३६ मध्ये हेन्री डेलबरोबर. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. तरीसुद्धा मेंदूत ठिणगीच असते असं जॉन एकल्स म्हणत राहिला आणि १९५१ मध्ये त्याच्या स्वतःच्याच प्रयोगाने तो चुकीचा ठरला आणि त्याने ते उघड मान्य केलं. अण्णा म्हणाले, "हा माणूस चांगला. लाइन चेक केली आणि चूक निघाली तर चूक म्हणाला." नंतर मी वाचलं की काही थोड्या ठिकाणी पेशींमधे खरोखर थेट विजेची जोडणी असते. ते सांगितलं तर केवढे खुश! "म्हणजे काही ठिकाणी जंपर आहे तर."

डोपामीनची गोष्ट तर मला स्वतःला फार जवळची वाटली कारण तिची एक मुळी आपल्याकडे आहे. सर्पगंधा. तिचा उपयोग ब्लड प्रेशरवर होतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये लिहिलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तिच्यातून काढलेलं रेसरपीन हे औषध स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी सशांना दिलं तर ससे निपचित पडले, कान सुद्धा लोंबलेले. मग त्यांना डोपामीनचा कच्चा माल, एल-डोपा, टोचला आणि थोड्याच वेळात ससे उठून बसले. १९५७. रेसरपीनने त्या पिशव्याच रिकाम्या केल्या होत्या. त्यानंतर १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकीविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले तर डोपामीन खरंच कमी सापडलं, आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी अमेरिकेत दाखवलं की तोंडाने एल-डोपा हळूहळू वाढवत नेलं तर माणूस चालायला लागतो. जेम्स पार्किन्सन यांनी हा आजार १८१७ मध्ये लिहून ठेवला होता, म्हणजे औषध मिळायला दीडशे वर्षं लागली. आणि आज तीच गोळी सिडकोतल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे मिळते. मी पहिल्यांदा ती पट्टी हातात घेतली तेव्हा मला भरून आलं होतं.

मी मॅडमना विचारलं होतं की डोपामीनच का देत नाही. तर डोपामीन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला अडवते. कच्चा माल मात्र शिरतो. पण कच्च्या मालाचंही वाटेतच, पोटात आणि रक्तात, डोपामीन बनून जातं आणि त्याने उलट्या होतात, म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात, ते वाटेतलं बनणं थांबवतं आणि ते स्वतः मेंदूत जात नाही. अण्णांच्या गोळीत १०० मिलीग्रॅम लिव्होडोपा, म्हणजे तेच एल-डोपा, आणि २५ मिलीग्रॅम कार्बिडोपा. पहिला आठवडा अर्धी अर्धी तीन वेळा, मग हळूहळू एक एक.

बाराव्या दिवशीची गोष्ट आहे. सकाळी मी डबा भरत होते, अण्णा आरशासमोर शर्ट घालत होते. गेलं वर्षभर आई त्यांची बटणं लावायची आणि दोघंही त्याबद्दल काही बोलायचे नाहीत. मी बघितलं, डाव्या हाताने काजं धरलंय, उजव्याने बटण तिरकं करून आत सरकवलं, एक. मग दुसरं. तिसऱ्याला थांबले, हात झटकला, परत धरलं. पाचही बटणं लावली आणि कॉलरचं सुद्धा लावलं जे ते कधीच लावत नाहीत. आई दारात उभी होती आणि काही न बोलता परत आत गेली.

मला वाटलं आता झालं. पण खरा अभ्यास पुढेच होता. दोन महिन्यांनी अण्णा म्हणायला लागले की गोळी कधी लागते कधी लागत नाही. सकाळची लागायची नाही, अकराची मस्त लागायची. मॅडमनी डायरी लिहायला सांगितली, गोळी किती वाजता, काय खाल्लं, हात कधी मोकळा झाला, कधी परत जड झाला. लाइनमन माणसाला लॉगबुकची सवय, त्यांनी शाळेची वही घेऊन रकाने आखले. आठ दिवसांनी वही उघडली आणि मॅडमनी एका नजरेत सांगितलं, "काका, सकाळची गोळी दुधाबरोबर घेताय." घेतच होते, आयुष्यभर सकाळची कुठलीही गोळी ते कपभर दुधाबरोबरच घेत आलेत, ताकद येते म्हणून.

त्याचं कारण असं की लिव्होडोपा हे मुळात एक अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना ते ज्या दारातून जातं त्याच दारातून दुधातल्या, डाळीतल्या, अंड्यातल्या प्रोटीनची काही अमिनो आम्लंही जातात. सीबीएसवर, म्हणजे आमच्या मुख्य बसस्टँडवर, बस लागल्यावर जसं एकाच दाराशी सगळे, तसं. गर्दी झाली की गोळी बाहेरच राहते. तेव्हापासून गोळी नुसत्या पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास तरी किंवा जेवल्यावर तासाभराने. रविवारची मिसळ बंद केली नाही, ती आम्ही बंद करणारच नव्हतो, नाशिकमधे राहून काय अर्थ मग, पण मटकी म्हणजे प्रोटीनच की, म्हणून आधी गोळी, मग अर्धा-पाऊण तास पेपर, मग मिसळ. रात्रीचं वरण, पनीर वगैरे रात्रीच. प्रोटीन बंद करायचं नाही हे मॅडमनी बजावून सांगितलं, नुसती वेळ बदलायची, कारण या आजारात वजन उतरतंच. आणि लोहाची गोळी चालू असेल तर तीही याच्याबरोबर घ्यायची नाही, लोह लिव्होडोपाला धरून ठेवतं.

मधेच एका शेजाऱ्यांनी कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं, रविवार कारंजाकडून, प्रेमाने आणलं होतं. कवचबीज म्हणजे खाजकुइली. मला आधी वाटलं हे नेहमीसारखं ऐकीव काहीतरी. पण वाचलं तर त्या बियांमधे खरंच एल-डोपा असतं, मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच ते वेगळं काढलंय. म्हणजे शेजारी चुकीचं बोलत नव्हते. पण अडचण तीच आहे, खरं औषध आहे म्हणूनच ते मनाने घ्यायचं नाही, चमच्यात किती एल-डोपा गेलं ते कळत नाही आणि गोळीच्या वर ते पडलं तर डोस जास्त होणार. मी चूर्णाची बाटली मॅडमना नेऊन दाखवली, त्या म्हणाल्या सध्या नको. शेजाऱ्यांना मी हे सगळं सांगितलं आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. मार्च २०२५. अण्णांना सकाळी उठताना चक्कर यायला लागली. मी ऑडिटमधे अडकले होते, आई त्यांना जवळच्याच एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे चक्करेची गोळी दिली, दिवसातून तीनदा. कोणी विचारलं नाही दुसरी कुठली औषधं चालू आहेत आणि आईने सांगितलं नाही कारण तिला वाटलं चक्कर वेगळी, हात वेगळा. तिसऱ्या दिवशी अण्णा खुर्चीतून उठेनात. चेहरा असा झाला की जणू कोणी त्यावर हात फिरवून सगळ्या रेघा पुसल्या. आवाज बसला. गोळ्या वेळेवर, दूध नाही, तरी काही नाही. मी रात्री घरी आले, औषधांचा डबा उघडला, नवीन पट्टी दिसली, त्यावर लिहिलं होतं प्रोक्लोरपेराझीन. मी तेव्हाच वाचलं आणि हात गार पडले. हे औषध उलटी आणि चक्कर थांबवतं ते डोपामीनच्या जागा अडवून. पलीकडच्या काठावरच्या ज्या जागांवर डोपामीन बसायला पाहिजे तिथे हेच जाऊन बसतं आणि काही करत नाही, नुसतं जागा धरून ठेवतं. आम्ही एकीकडून माल पाठवत होतो आणि दुसरीकडून पलीकडचं दार बंद करत होतो.

मॅडमना रात्रीच फोन केला, त्यांनी ती गोळी लगेच बंद करायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. पूर्ववत व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. उलटीसाठी सर्रास देतात ते मेटोक्लोप्रमाइड सुद्धा याच जातीचं, चक्करेसाठी देतात ते सिनारीझीन आणि फ्लुनारीझीन सुद्धा डोपामीनच्या वाटेत येतात. धडधाकट माणसाला सुद्धा या औषधांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, मग ज्याच्याकडे आधीच माल कमी त्याचं काय. आणि चक्कर कशाने येत होती? उभं राहिल्यावर ब्लड प्रेशर उतरत होतं. झोपून १३०, उभं राहून तीन मिनिटांनी १०२. हे या आजारानेही होतं आणि लिव्होडोपानेही. उपाय म्हणजे उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, पाणी जास्त प्यायचं, आणि त्यांची प्रेशरची जुनी गोळी मॅडमनी कमी केली. आता अण्णांच्या पाकिटात, आधार कार्डच्या मागे, मी एक कार्ड ठेवलंय, मराठीत आणि ठळक: मला पार्किन्सन्स आहे, मला ही औषधं देऊ नका, आणि खाली ती नावं. आईकडे एक, माझ्याकडे एक. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी आज रात्रीच असं कार्ड करा आणि औषधांची नावं आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कृपा करून.

आता तीन वर्षं होत आली. गोळी चार वेळा झालीय, ६, ११, ४ आणि ८. तिचा असर उतरत आला की दुपारी तीनच्या सुमाराला पाय जड होतात. कारण गोळीतलं लिव्होडोपा रक्तात दीड-दोन तासातच निम्मं होतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी ते साठवून ठेवत होत्या, पुरवून पुरवून वापरत होत्या, आता पेशी आणखी कमी झाल्या तसं साठवायला जागा कमी पडते, आलं तेवढं लगेच खर्च. तीन वाजता स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात, अंग पुढे जातं आणि पाय मागे राहतात. पहिल्यांदा पडता पडता वाचले. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की जमिनीवर पावलाच्या अंतराने आडव्या रेघा मारा. मी चिकटपट्टी आणणार होते, त्याच्या आत आईने रांगोळीने रेघा ओढल्या, हॉलपासून उंबरठ्यापर्यंत, वीतभर अंतराने, आणि मला खरंच वाटलं नव्हतं पण अण्णा पहिल्या रेघेवर पाय टाकून सरळ चालत गेले. आपोआप होणारं चालणं डोपामीनच्या भरवशावर असतं, ते अडलं तरी नजरेने रेघ बघून जाणूनबुजून टाकलेलं पाऊल मेंदूतल्या दुसऱ्या वाटेने निघतं. आता तिथे पिवळी पट्टी आहे पण सणावाराला आई तिच्या बाजूने रांगोळीही काढते.

परवा गुरुवारी मॅडमकडे जायचंय. त्या आणखी एक गोळी जोडायचं म्हणतायत, फटीत सांडलेलं डोपामीन लवकर तुटू नये म्हणून, म्हणजे आहे तो माल जास्त वेळ टिकेल. काल रात्री अण्णा वही घेऊन बसले होते. आता ते दोन रेघांच्या वहीत लिहितात, लहान मुलांची असते ती, प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला टेकवायचंच असा नियम त्यांनीच केलाय, त्यामुळे अक्षर मोठं राहतं. आठची गोळी लागली होती. मी मागून बघितलं, लिहिलं होतं:

'गुरुवारी विचारणे. १) नवीन गोळीने प्रेशर उतरते का. २) तीन वाजताचे अडकणे, चारची गोळी साडेतीनला घेतली तर चालेल का. ३) पंपाने परत ओढून घेतात तो पंप थोडा वेळ बंद ठेवता येतो का.'

तिसरा प्रश्न मी त्यांना कधी सांगितलेला नव्हता, तो त्यांनी स्वतःच काढलाय.